कटिंगच्या टेबलावरचं पाणी

माझ्या कटिंगच्या टेबलावर छतातून पाणी ठिबकायचं आणि वरच्या काकू सरळ कानावर हात ठेवायच्या. "आमचं नाही हो." मग काय आभाळ माझ्याच घरात फाटलं होतं? एका नवरीचं शिवायला आलेलं रेशमी कापड त्या पाण्याने बाद झालं, तिच्या आईने माझं घरातलं दुकान डोक्यावर घेतलं. मी सोसायटीत तक्रार ठोकली: ज्याचं पाणी, त्याने निस्तरावं.

प्लंबरने काकूंच्या बाथरूममध्ये लाल रंगाचं पाणी ओतलं. खाली लाल थेंब आला की दोष त्यांचा. छताकडे बघून बघून माझी मान मोडायची वेळ आली. थेंब आले, पण साध्या पाण्याचे. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" काकू म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपटप सुरू होताच मी हातातल्या कात्रीसकट वर धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. माझ्या टेबलाच्या बरोब्बर वर काकांची खाट होती. अर्धांगवायूने पडलेल्या काकांना काकू खाटेवरच अंघोळ घालत होत्या. खाली प्लास्टिक अंथरलं होतं, पण त्याच्या कडेवरून ओघळलेलं पाणी फरशीच्या भेगेत शिरत होतं.

"ओल्या फडक्याने पुसून घ्या ना!" मी ओरडले.

"पुसलं की रडतात गं. डोक्यावरून तांब्या ओतला की हसतात. तेवढंच उरलंय त्यांचं." काकूंनी माझा हात धरला. "मुलाला सांगू नकोस. आधीच म्हणतोय, तुझ्याने होत नाही, बाबांना कुठेतरी ठेवू या."

मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. त्या टेबलावर माझं पोट चालत होतं.

संध्याकाळी मुलगाच दारात उभा. बिचारा दमलेला दिसत होता. "ताई, खरं सांगा. पाणी आमचंच ना? तसं असेल तर बाबांची सोय मला दुसरीकडे करावीच लागेल."

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. त्याच्यामागे जिन्यात काकू कठडा धरून उभ्या होत्या.

"लाल थेंब आला का? नाही ना?" मी खेकसले. "माझाच पाइप गळतोय. आता काम करू द्या मला."

टेबल मी दाराशी ओढलं, तिथे धड उजेड नाही. जुन्या जागी बादली ठेवली. काकूंना बजावलं, "निदान पाणी तरी बेताने ओता." त्या "बरं" म्हणायच्या आणि ओतायच्या तेवढंच. रोज सकाळी टपटप सुरू झाली की मी दोघांच्या नावाने बोटं मोडत मशीनवर बसायचे.

एका सकाळी मशीनवर बसले, बोटं मोडायला घेतली, आणि टपटप झालीच नाही. बादली कोरडी. म्हटलं, पाणी गेलं असेल आज. नळ सोडून पाहिला.

नळाला भरपूर पाणी होतं. मी तो बंद केला आणि जिना चढायला लागले.