झालर नको मला

मी विठ्ठलरावांची कचेरी बोलतेय. हसू नका. दिग्रसच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी उभी हयात कारकुनी केली, तिथली जुनी कचेरी पाडली गेली. ते त्यांना सोसलं नाही. पुठ्ठा आणि खराट्याच्या काड्या घेऊन त्यांनी तशीच छोटी कचेरी घडवली, ती मी. टेबलावर मावते, पण खिडक्या उघडतात माझ्या!

घोडं अडलं ते छपराशी. मूळ छपराच्या कडेनं कोरीव लाकडी झालर होती. ती काही केल्या विठ्ठलरावांना जमेना. ब्लेडनं पुठ्ठा कापायचे, फेविकॉलनं चिकटवायचे, चष्मा पुसून बघायचे आणि ओरबाडून काढायचे. माझ्या कडा सोलून निघाल्या. एकदाची लावा ती झालर, असं ओरडावंसं वाटे.

एके दुपारी त्यांना कपाटावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडला. पत्रिकांच्या कडेला नाजूक कापीव जाळी, हुबेहूब हवी तशी. पत्रिका त्यांच्याच मुलीच्या, दिपालीच्या. त्या छापून आल्या आणि मुलाकडच्यांनी लग्न मोडलं, तेव्हापासून तिथेच पडून होत्या. विठ्ठलराव कात्री घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत मी नटले. खोटं कशाला बोलू, हरखलेही होते.

दिपाली कामावरून आली. टेबलाखालचे तुकडे तिनं उचलले. एकावर तिचं अर्धं नाव होतं.

“बाबा, माह्या पत्रिका कापल्या तुमी?”

“रद्दीच त होती वं. कायले सांभाळून ठेवाच्या?”

“हो. रद्दीच होती,” ती म्हणाली आणि तुकडे पर्समध्ये टाकून आत गेली.

दिपालीच्या आईनं, मैनाबाईंनी कपाळाला हात लावला. “एक डाव पोरीले इचारा लागत होतं न!” विठ्ठलरावांचं लक्षच नव्हतं. माझी एक कड जरा उचलली होती, ती ते अंगठ्यानं दाबत होते.

आता येणारा-जाणारा मलाच बघतो. “झालर कुठून आणली हो?”

“घरातच होती,” विठ्ठलराव खुशीत सांगतात. दिपाली चहाचा ट्रे ठेवते आणि माझ्याकडे न बघता आत जाते. बापाला हे दिसत नाही. मला, पुठ्ठ्याच्या कचेरीला दिसतं! अशी चीड येते, पण करू काय? हात नाहीत मला.

विठ्ठलराव, ऐका. ओढून काढा ही झालर. रंग निघेल, पुठ्ठा फाटेल, फाटू द्या. मी उघड्या छपरानं राहीन. फक्त काढताना दिपालीला जवळ बोलवा आणि पहिला तुकडा तिला ओढू द्या.