कामाला ठेवलेली बाई

मॅडमना रागवायला कारण लागत नाही, असं त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले शिकाऊ म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती आणि त्यातल्या बहुतेकांना एकदा तरी रडवलं होतं. पाठीमागे सगळे त्यांना ब्रेकमॅडम म्हणत. पण तो रोजचा राग दुधासारखा, उतू गेला की खाली बसणारा. त्या गुरुवारी संध्याकाळी जो आला, तो वेगळा होता.

झालं ते असं. बारकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक उघडून इंग्रजीची उजळणी करत होती. बारकी म्हणजे मॅडमची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी, आणि आता आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी बारकीच. कॉलेजचं पहिलं वर्ष, सोमवारी पेपर. पुस्तकात आधी कथा, मग नॉनफिक्शन, म्हणजे खरोखर घडलेल्या गोष्टींवरचे लेख, आणि शेवटी साहित्यातल्या संज्ञा. बारकीच्या डोक्यात घोकल्याशिवाय काही राहत नसे, आणि घोकायचं तर मोठ्यानं. मॅडम भांडी विसळत होत्या आणि कानावर पडेल ते पडू देत होत्या. कथा संपल्या. कुठला निवेदक पहिल्या पुरुषात बोलतो, कुठल्या गोष्टीचा शेवट उघडा राहतो, सगळं दोनदोनदा म्हणून झालं. मग बारकी मामाच्या लेखावर आली.

मामा म्हणजे मॅडमचा थोरला भाऊ. त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. आई गेल्यावर त्यानं तिच्या आजारपणावर एक लेख लिहिला, तो गाजला आणि पुढे पहिल्या वर्षाला लागला. छापील प्रत त्यानं बहिणीला स्वतः आणून दिली होती. मॅडमनी ती कपाटात कपड्यांखाली ठेवली आणि वाचली मात्र नाही. वाचवणार नाही, रडू फुटेल, असं त्यांना वाटायचं. लोक भेटले की म्हणायचे, काय लिहिलंय हो तुमच्या भावानं, आणि मॅडमचा ऊर भरून यायचा.

"दुय्यम पात्र," बारकी घोकत होती. "कामाला ठेवलेली बाई. फ्लॅट कॅरेक्टर, म्हणजे एकाच बाजूचं, न बदलणारं. लेखातलं कार्य फॉइलचं. तिच्या जांभया आणि सारखं घड्याळाकडे बघणं यामुळे मुलाची सेवा उठून दिसते."

मॅडमनी नळ बंद केला. आईसाठी कोणी बाई ठेवलीच नव्हती.

त्यांनी ओल्या हातांनीच पुस्तक ओढून घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. लेखातला मुलगा आईला कुशीवर वळवत होता, तिचं अंग पुसत होता, चमच्यानं सूप भरवत होता. कोपऱ्यात स्टुलावर ती बाई. कोपरावर उसवलेला तपकिरी स्वेटर घालून बसलेली, पगारापुरती माया असलेली. स्वेटर मॅडमचा होता. स्टूल अजून घरात होतं, त्यावर इस्त्रीचे कपडे पडायचे. आणि शेवटी, ज्या परिच्छेदावर म्हणे वर्गातल्या मुली रडायच्या, तिथे भ्रमात गेलेली म्हातारी मुलाच्या गालावर हात ठेवून म्हणते, आई, चल ना घरी. एका पुरुषाला त्याच्या आईनं आई म्हटलं, यावर पुढे अख्खं पान होतं.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं आई म्हटलं होतं ते त्यांना. आईचं सगळं त्यांनीच केलं होतं, दोन वर्षं, आता बारकी झोपते त्या खोलीत. नवरा तेव्हाही परगावी नोकरीला, बारकी शाळेत नुकती जायला लागलेली. दादा रविवारी यायचा, सगळ्या रविवारी नाही. बूट न काढता खुर्चीच्या कडेला टेकायचा, फळांची पिशवी उशाशी ठेवायचा आणि बेडपॅन द्यायची वेळ झाली की त्याला हटकून कुठेतरी जायचं असायचं. तेव्हा मॅडमनी ते पोटात घातलं. काही पुरुषांना नाही जमत, म्हणाल्या. आईनं असं असं म्हटलं, हे त्यांनी फोनवर एकट्या दादाला सांगितलं होतं, आणि सांगताना दोघंही रडली होती.

"ही बाई मी आहे," त्या बारकीला म्हणाल्या.

बारकीला आधी कळेचना. मग ती म्हणाली, तू होतीसच गं, पण मामाही होता की. मला आठवतंय. खिडकीशी बसून आजीला सूप भरवायचा.

"आठवतंय, की वाचलंयस?"

बारकीचा चेहरा बघूनच मॅडमना उत्तर कळलं. भावानं त्यांची दोन वर्षं नेली, स्वेटर नेला, आईचा शब्द नेला, हे सगळं एकीकडे. त्यांच्या पोटच्या पोरीच्या डोक्यातून त्यानं त्यांना उठवून स्टुलावर बसवलं होतं. हे काही मॅडम पोटात घालणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दादाला बोलावून घेतलं. तो आला, पुस्तक टेबलावर उघडं बघितलं आणि समजला. पण त्याला शरम वाटली असेल असं समजू नका. तो समजवायला लागला, आणि समजावणं त्याच्या हाडात मुरलेलं. लेखातला मी म्हणजे मी नव्हे, म्हणाला. तो निवेदक. लेख म्हणजे काही पोलिसांचा पंचनामा नाही. भावना खरी असली की झालं, तपशील इकडचा तिकडे होतोच. मॅडम ऐकत होत्या आणि त्यांचा उजवा पाय टेबलाखाली फरशी दाबत होता.

"दोघं सेवा करतायत म्हटलं की वाचकाचं लक्ष विभागतं," दादा म्हणाला. "एकाला बाजूला करावंच लागतं."

"मग तू व्हायचंस."

"लिहिणारा मी होतो."

एवढं एकच वाक्य तो त्या संध्याकाळी खरं बोलला. मॅडमनी त्यावर आरडाओरडा केला नाही, याचं बारकीला फार आश्चर्य वाटलं. त्यांनी फक्त अट घातली. शनिवारी पेपरच्या आधीचा उजळणीचा तास आहे ना, तिथे मुलांना सांगायचं, ती बाई कोण होती ते. बारकीच्या देखत. दादानं आढेवेढे घेतले, ऐन परीक्षेत पोरं गोंधळतील म्हणाला. मॅडम म्हणाल्या, मग मी येऊन सांगते, माझा आवाज शिकाऊंच्या मैदानाच्या पार टोकाला जातो हे तुला माहीत आहे. तेव्हा तो तयार झाला.

शनिवारी मॅडम मागच्या बाकावर बसल्या. वर्ग खच्चून भरलेला, पंखे घरघरत होते, फळ्यावर एकाखाली एक संज्ञा. दादानं कथांची उजळणी भराभर उरकली, मग चष्मा काढला आणि दोन्ही हात टेबलावर टेकले. आणि बोलला. काय बोलला म्हणून सांगावं. लिहिणाऱ्याच्या अपराधीपणावर बोलला. ज्यांचं ऋण मोठं असतं त्यांचीच नावं लेखणीला पेलत नाहीत, असं काहीतरी म्हणाला. त्याचा गळा योग्य जागी दाटून आला. "ती बाई माझी बहीण होती," तो म्हणाला, "आणि आज ती इथे आहे." सगळा वर्ग मागे वळला, मग पुढे वळला आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या त्याच्यासाठी होत्या. केवढं मन सरांचं, पुढच्या बाकावरची मुलगी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली. मॅडमना वाटलं होतं, खरं सांगितलं की तो खाली येईल. तो एक पायरी वर चढला होता.

टाळ्या ओसरल्यावर एका मुलानं हात वर करून विचारलं, सर, मग ही बाई फ्लॅट नाही, राउंड कॅरेक्टर लिहायची का? दादानं चष्मा लावला.

"परीक्षेपुरतं पुस्तकातलंच लिहा," तो म्हणाला.

रविवारी बारकीनं पुस्तक उघडलं नाही. आईला म्हणाली, मला गाडी मागे घ्यायला शिकव. शिकाऊंना नेतात त्या रिकाम्या मैदानावर दोघी गेल्या. बारकी स्टिअरिंगवर, मॅडम शेजारी. बऱ्याच वेळानं बारकी आरशात बघत म्हणाली, आता आजीचं सांग. समोरासमोर बसून मॅडमना ते जमलं नसतं. दोघींच्या नजरा काचेबाहेर होत्या म्हणून जमलं. आईचे पाय सुजायचे, चादर दिवसातून किती वेळा बदलावी लागायची, ती चावायची, शिव्या द्यायची, एकदा मॅडमनी तिच्यावर हात उगारला होता आणि तो तसाच वर राहिला होता. सगळं सांगितलं. कोणालाही सांगायचं नाही म्हणून ठेवलेलं होतं, तेही सांगितलं. बारकी अर्धवट वळणावर गाडी थांबवून ऐकत राहिली, आणि मॅडमनी तिला त्याबद्दल एकदाही टोकलं नाही.

सोमवारी पेपर झाला. कसा गेला विचारल्यावर बारकी म्हणाली, गेला. मॅडमनी खोदून विचारलं नाही. पोरीनं मार्कांसाठी पुस्तकातलं लिहिलं असणार, असं त्या धरून चालल्या, आणि त्याचाही त्यांना राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचाही आला. त्या आठवड्यात दोन शिकाऊ ड्रायव्हिंग स्कूल सोडून गेले.

मग एका दुपारी दादा आला. हातात बारकीची उत्तरपत्रिका. घरी आणणं नियमाला धरून नव्हतं, पण त्याचा चेहरा असा फुलला होता की नियम आठवायला त्याला फुरसत नव्हती. अक्षर ओळखलं, म्हणाला. दुय्यम पात्राच्या प्रश्नाला पूर्ण मार्क दिलेत. अगं, ही पोर लिहिते. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण आजारी माणसाच्या खोलीवर इतकं नितळ कोणी लिहिलेलं माझ्या हाताखालून गेलं नाही. आणि तो उभ्याउभ्याच तुकडे वाचून दाखवायला लागला. सुजलेले पाय. चादरी. वर राहिलेला हात. मॅडमनी बारकीकडे पाहिलं. बारकी खाली बघत होती.

"पुढच्या आवृत्तीत हे घेऊ," दादा म्हणाला. "माझ्या लेखाच्या शेवटी, माझी दोन शब्दांची ओळख देऊन. थोडी डागडुजी मी करतो. मुलगा यात फारच कमी दिसतो, तेवढं एक."

एवढं होऊनही हा माणूस हात पुढे करून उभा होता, आणि त्याला आपला हात दिसतसुद्धा नव्हता. मॅडम बोलायच्या आत बारकी बोलली. आवाज चढवला नाही.

"मामा, लिहायचं ते मी लिहिलंय. तू फक्त वाच. शेवटचं पान राहिलंय तुझं."

वेळ थोडा होता, गठ्ठा मोठा, उत्तर चांगलं चाललेलं बघून आपण मार्क देऊन टाकले, असं दादा हसत म्हणाला. खुर्चीत बसला आणि पान उलटलं. वर्गात वाचायचा तसा मोठ्यानं, प्रत्येक शब्दाला जागा देत वाचू लागला.

"आजी गेली त्या दिवशी मुलगा शहरात नव्हता. त्यानं फोनवर बहिणीला विचारलं, शेवटी शेवटी आईनं माझी आठवण काढली का? बहीण म्हणाली, हो, सारखी काढत होती. हे खरं नव्हतं. आजीनं त्याचं नाव..."

पुढचं तो मोठ्यानं वाचू शकला नाही. मनात वाचलं. परत पहिल्या ओळीपासून वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचा फुललेपणा कुठे गेला ते कळलंही नाही. आता त्याच्याकडे निवेदक नव्हता, संज्ञा नव्हती, काही नव्हतं. चष्मा हातात घेऊन तो बहिणीकडे बघू लागला.

"ही पोर काहीतरीच लिहिते," तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस मला. आईनं काढलं होतं ना माझं नाव?"

मॅडमना माहीत होतं, हो म्हणायला काही लागत नाही. एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा पलीकडे रडणारा भाऊ होता आणि त्यांना त्याची कीव आली होती. ती कीव त्यांनी इतकी वर्षं जपली होती. बारकी ओट्याला टेकून उभी होती. ती मामाकडे बघतच नव्हती, आईकडे बघत होती.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "एकदाही नाही."