कडेची खुर्ची

“शुक्रवारी लोकगीतांच्या बाई, शनिवारी तो ब्लूज गाणारा गिटारवाला, आणि पुढच्या आठवड्यात ती जुनी वाद्यं वाजवणारी चौकडी.” मालक शिडीवर उभे राहून सभागृहाच्या दारावरच्या फलकाला अक्षरं लावत होते. “ओळीने कार्यक्रम आहेत, मास्तर. जमेल ना? नाहीतर बाहेरचा माणूस बोलावतो. तुम्ही थोडे दिवस लेकीकडे जाऊन या.”

“जमेल की. न जमायला काय झालं?” मास्तर खाली शिडी धरून उभे होते.

काय झालं होतं ते दोघांनाही माहीत होतं. मास्तरांची बायको जाऊन महिनाही उलटला नव्हता. कुणी खांद्यावर हात ठेवला की मास्तर मान हलवत. रडू येत नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती, दाढीही वेळच्या वेळी होत होती. फक्त हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं वाटायचं. लेक फोनवर म्हणायची, “बाबा, पुरे झालं आता ते वायरींचं जंजाळ. इकडे या.” ते म्हणत, “बघू.” तिकडे जाऊन करणार काय, खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं बघणार?

सभागृह कसलं, मोठी खोलीच ती. मास्तरांनी माइक आणि स्पीकर सांभाळायचे, बायकोने दारात तिकिटं फाडायची, असा त्यांचा संसार. दुपारी तालीम सुरू झाली की ती शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसे. बाई नवऱ्यावर पाळत ठेवते, अशी सगळे थट्टा करत. खरी गोष्ट वेगळी होती. मास्तरांच्या कानांनी वरच्या सुरांची साथ केव्हाच सोडली होती. आवाज बोचरा झाला की ती कानाची पाळी चोळे. तळवा खाली केला की आवाज कमी करायचा. मास्तर तिच्याकडे बघून बटणं फिरवत आणि कलाकार म्हणत, काय कान आहे हो या माणसाचा!

शुक्रवारी दुपारी लोकगीतांच्या बाई आल्या. दरवर्षी यायच्या. “वहिनी कुठायत?” त्यांनी आल्या आल्या विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माइकसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी सूर लावला. मास्तरांनी सवयीने शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. हात बटणावर, नजर खुर्चीवर. बाई गाता गाता थांबल्या, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. खुर्चीकडून काही इशारा येईना. शेवटी मास्तरांनी अंदाजाने एक बटण चढवलं.

बाईंनी दोन्ही हात कानांवर दाबले. मालक दारातून धावत आले, त्यांचेही हात कानांवर. मास्तरांना वेगळं काहीच ऐकू येत नव्हतं. स्पीकर किंचाळतोय हे त्यांना त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून कळलं, तेव्हा त्यांनी सगळंच बंद केलं.

“बाहेरचा माणूस बोलवा,” ते म्हणाले आणि वायर गुंडाळू लागले.

मालक सरळ शेवटच्या रांगेत गेले आणि कडेच्या खुर्चीवर बसले. “पाळी चोळली की बोचतंय, तळवा खाली म्हणजे कमी. बरोबर ना?”

मास्तरांचा हात थांबला. “तुम्हाला माहीत होतं?”

“अहो, वहिनी आजारी असल्या की तुम्ही तालीमच पुढे ढकलायचात. मी काय दूधखुळा आहे?”

मास्तर त्या खुर्चीकडे बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बायको हवी होती. आत्ता, तिथे, विणकामासकट.

“तिथे नको, मालक,” ते कसंबसं म्हणाले. “शेजारच्या खुर्चीवर बसा.”

मालक उठले आणि कडेची खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीवर सरकले. बाईंनी पुन्हा सूर लावला. मास्तरांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी. मालकांचा तळवा हळूच खाली आला. मास्तरांनी बटण थोडं मागे फिरवलं.