वाय, वाई आणि व्हय

मी एक जुना कीबोर्ड आहे. पुस्तकी मराठीत मला कळफलक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणीही हाक मारलेली नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, मी सध्या पालथा पडून असतो. मित्रांनो, तुम्ही मला सरळ करून पाहिलेत, तर माझ्या खालच्या ओळीत एक खड्डा दिसेल. तिथे एक कळ होती. ती कुठे गेली, ते मी तुम्हाला शेवटी सांगणार आहे.

माझा जन्म कोणत्या देशात झाला, हे माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापले होते. पहिल्याच हंगामात कोणाच्या तरी मळीने चिकट झालेल्या हाताला ती चिठ्ठी लागून गेली, आणि तेव्हापासून मी स्वतःला याच जिल्ह्याचा समजतो.

मी आलो ते साल १९९३. कारखान्यात तेव्हा सहा संगणक होते आणि ते पाळीपाळीने बंद पडत. कोणाचा बंद पडला, कोणी दुरुस्त केला, पुन्हा पडला का, हे लक्षात ठेवण्यासाठी चारुशीलाबाईंनी स्वतः एक तक्रार-नोंदीचा प्रोग्राम लिहिला. बाई पदार्थविज्ञानाच्या पदवीधर, बोलायला मोजक्या. त्यांचा प्रोग्रामही तसाच होता. निळा पडदा, पांढरी अक्षरे. तक्रार घेऊन माणूस टेबलापाशी येई, बाई ती माझ्यावर टाइप करत, आणि अवधूत नावाचा दुरुस्ती करणारा तरुण हत्यारे घेऊन धावे. काम झाले, की तक्रार करणाऱ्याने स्वतः परत यायचे आणि पडद्यावरच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. प्रश्न असा होता : 'चालतंय का?' काम झाले असे म्हणण्याचा हक्क अवधूतला नव्हता. तो ज्याची तक्रार, त्याचाच.

सुरुवातीला बाईंनी जगाच्या रीतीप्रमाणे होकारासाठी वाय ही कळ ठेवली होती. पहिली तक्रार वजनकाट्यावरच्या हरिबाची होती. उसाच्या गाड्या त्याच्या काट्यावर चढत आणि वजनाची पावती संगणकातून निघे. काटा दुरुस्त झाल्यावर हरिबा टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला.

"वाय दाबा," बाई म्हणाल्या.

"वाई?" हरिबा मागे सरकला. "वाईला माजी सासुरवाडी हाय, बाई. तिचं नाव कामात कशाला?"

"वाई नाही हो. वाय. म्हणजे होय."

"मग व्हय म्हणा की सरळ!"

बाई हसल्या नाहीत. थोडा विचार केला, खुर्चीत बसल्या, आणि चहा यायच्या आत त्यांनी प्रोग्राम बदलला. व्हय साठी व्ही, न्हाई साठी एन. हरिबाने व्ही दाबली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस होता, पण ते मला तेव्हा कळले नाही. मला वाटले, बोटाला गूळ लागला आहे.

त्यानंतर चार हंगाम माझी व्ही दाबली गेली. काटा, पगार विभाग, गोदाम, प्रयोगशाळा, सगळे येत आणि 'व्हय' म्हणून जात. एनही दाबली जाई. तेव्हा अवधूत डोक्याला हात लावून परत धावे. हळूहळू व्हीवरचे अक्षर पुसट झाले, मग गेलेच, आणि कळेला मध्ये बोटाच्या मापाचा खळगा पडला. माझी वाय मात्र नव्या नवरीसारखी लखलखीत राहिली. तिला मी मनातल्या मनात वाईची पाहुणी म्हणत असे.

मग आमचे चेअरमन हंबीरराव साताऱ्याकडच्या एका कारखान्यात लग्नाचे आमंत्रण द्यायला गेले, आणि परत आले ते रंगीत होऊन.

"चारुशीलाबाई, त्यांचा पडदा रंगीत हाय. आपला निळाच!"

"काम तेच करतो, साहेब."

"आवं, पण त्यांच्यात भाकरी येती!"

भाकरी म्हणजे आकडे दाखवणारे गोल चित्र. झालेली कामे हिरव्या तुकड्यात, राहिलेली लाल तुकड्यात. आमच्या प्रोग्रामात भाकरी नव्हती. मित्रांनो, मोठ्या संस्था आपली साधने का बदलतात, यावर शहाणी माणसे पुष्कळ बोलत असतील. आमच्या कारखान्याने भाकरीसाठी बदलले.

पुण्याहून राजस नावाचा एक तरुण नवा प्रोग्राम घेऊन आला. मुलगा नम्र होता. नवा संगणक आला, रंगीत पडदा आला. कीबोर्ड मात्र मागवायचा राहून गेला, म्हणून मलाच पुढे जोडले. नव्या पद्धतीत ज्याने त्याने विभागात येऊन आपली तक्रार माझ्यावर स्वतः नोंदवायची होती. चारुशीलाबाईंना जुन्या नोंदी उतरवायला आतल्या खोलीत बसवले. 'नोंदीशिवाय दुरुस्ती नाही' असा आदेश भिंतीवर लागला. राजसने सगळ्यांना गोळा करून एकदा दाखवले आणि म्हणाला, "अगदी सोपं आहे. तक्रार निवडा आणि शेवटी फक्त 'हो' दाबा."

त्या एका वाक्यात सगळा घोटाळा होता. शेवटच्या पडद्यावर इंग्रजीत लिहिले होते : नोंद पक्की करायची तर वाय, बदलायची तर एन, आणि तक्रारच रद्द करायची असेल तर 'व्हॉइड'ची व्ही. ते वाचले कोणीच नाही. वाचायचे कशाला? हो म्हणजे व्हय, आणि व्हय कुठे आहे ते चार हंगाम सगळ्यांना पाठ होते.

व्ही दाबली, की पडद्यावर 'थँक्यू' येई.

"थँक्यू म्हणतंय गड्या!" पगार विभागातले तात्याबा खूश झाले. "जुनं कवा म्हणालं होतं का?"

तक्रारी अशा एकेक करून थँक्यूसह हवेत गेल्या. मला सगळे ठाऊक होते. पण मित्रांनो, कीबोर्डला एकच दुःख असते. सगळी अक्षरे त्याच्या अंगावर असतात, आणि स्वतःहून एकही उमटवता येत नाही.

तिकडे अवधूत स्टुलावर बसून शेंगा सोलत होता. कोणी रागाने आला, तर आदेशाकडे बोट दाखवी. "तुमची नोंद न्हाई."

"आरं, मी माज्या हातानं दाबलंय!"

"मग येईल की. नवीन हाय, दमानं घ्या."

आठवड्याचा अहवाल निघाला. तक्रारी शून्य. भाकरी अख्खी हिरवी. हंबीररावांनी ती चौकटीत बसवून आपल्या खुर्चीमागे टांगली. आणि मग दुसरा आदेश निघाला. तक्रारीच नाहीत, तर तक्रारीच्या कामाला माणूस कशाला? चारुशीलाबाईंनी सोमवारपासून पोत्यांच्या गोदामात रुजू व्हावे.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "शून्य?" त्या अवधूतला म्हणाल्या. "सहाचे अकरा संगणक झाले, आणि तक्रार शून्य? थर्मामीटर रोज शून्य दाखवायला लागला, तर मी आधी थर्मामीटर तपासते."

"भाकरी हिरवी हाय, बाई. तिच्यापुढं कोण बोलणार?"

सोमवार उजाडला. बाई माझ्या टेबलाच्या खणातली आपली पेनं, शिवणीची डबी आणि चष्म्याचे घर पिशवीत भरत होत्या. हंबीरराव राजसला शाल द्यायला विभागात आले होते. तेवढ्यात दार धाडकन उघडले. पुढे हरिबा आणि मागे पदर खोचलेल्या रंगूबाई. त्यांच्या उसाची ट्रॉली काट्यापुढे उभी होती, आणि तिच्यामागची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली होती.

"आवं चेअरमन," रंगूबाई कडाडल्या, "कालच्यापासनं काटा बंद हाय. माजा ऊस वाळून चिपाड व्हायला लागलाय. वजन काय तुमच्या शालीचं करू?"

हंबीररावांनी शाल पाठीमागे लपवली. "काटा बंद? नोंद न्हाई तशी."

"तीनदा नोंदवलंया!" हरिबा म्हणाला. "तिनी येळंला थँक्यू म्हणालंय!"

राजसने अहवाल काढला. "काका, इथे काहीच आलेलं नाही. शून्य आहे."

चारुशीलाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि मला टेबलाच्या कडेला ओढले.

"हरिबा, चौथ्यांदा नोंदवा. आमच्यासमोर."

हरिबा उभा राहिला. काटा निवडला, बंद निवडला, शेवटचा पडदा आला. त्याने मान वर करून रंगूबाईंकडे पाहिले आणि न बघताच बोट खाली आणले. बोट बरोबर माझ्या खळग्यात पडले.

थँक्यू.

राजसचा चेहरा उतरला. "तुम्ही काय दाबलंत?" तो माझ्यावर वाकला. "इथे तर अक्षरच नाही!"

"अक्षर कशाला बघायचं? बोटाला ठावं हाय."

"व्ही आहे ती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "व्हय."

"अहो, पण व्ही म्हणजे रद्द!"

हंबीररावांनी मला उचलले, खिडकीच्या उजेडात धरले, आणि अंगठा खळग्यावर फिरवला. मला गुदगुल्या झाल्या.

"एवढी झिजली?"

"चार हंगामांत जेवढी कामं झाली, तेवढी झिजली, साहेब."

"उद्यापासून सगळ्यांना वाय दाबायला शिकवू," राजस घाईने म्हणाला.

"पुन्ना वाई आली का!" हरिबाने कपाळाला हात लावला.

"आदी माजा काटा चालू करा," रंगूबाई म्हणाल्या, "मग सगळे मिळून जावा वाईला!"

अवधूत शेंगा खिशात कोंबून पळत सुटला. काट्याच्या संगणकाची तार उंदराने कुरतडली होती. ती जोडायला लागला तेवढाच वेळ लागला. रंगूबाईंची ट्रॉली काट्यावर चढली. नोंद करायला मात्र पुन्हा निळा पडदा लावावा लागला. नवा प्रोग्राम मुळात एका परदेशी कंपनीचा होता, त्यातली व्ही बदलायची तर तिकडे पत्र पाठवायचे होते, आणि राजसने ते खरोखर पाठवलेही. तोपर्यंत, चेअरमनसाहेब म्हणाले, तूर्त जुनेच चालू द्या. बाईंचा गोदामाचा आदेशही त्यांनी तूर्त थांबवला.

आमच्या कारखान्यातले 'तूर्त' अजून संपलेले नाही. आता १९९९ चालू आहे. हंबीररावांना भाकरीची सवय लागली होती, म्हणून बाईंनी जुन्या प्रिंटरवर फुल्याफुल्यांची एक भाकरी छापायची सोय केली. ती चौकोनी येते. चेअरमन पाहुण्यांना सांगतात, ही आपल्याकडची.

मागच्या वर्षी माझ्यावर चहा सांडला आणि अर्ध्या कळा मुक्या झाल्या. नवा कीबोर्ड आला. त्याच्यावर सगळी अक्षरे ठसठशीत होती, पण हरिबाचे बोट त्याच्यावर भांबावल्यासारखे फिरू लागले. तेव्हा बाईंनी पेचकसाने माझी व्ही अलगद उचकटली, पुसली आणि नव्यावर बसवली. माझा खड्डा तो हा.

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर आणा. मीही एकदा नवाच होतो. पण जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा आणि ती कुठे झिजली आहे ते पाहा. तिथेच कोणाचे तरी रोजचे काम चाललेले असते.

हा बघा, खाली हरिबा आला आहे. अवधूत विचारतो आहे, "चालतंय का?"

टक.

तो आवाज माझा आहे.