मोठ्या मनाचा एलिहिओ

नेरेइदाची नागीण काही केल्या बरी होईना, म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. रोज गोळ्या घेतल्यास तर धडधाकट जगशील, विषाणू पुरता दबला की नवऱ्यालाही तुझ्यापासून धोका नाही, असं बाईंनी नीट समजावलं. फक्त त्याला सांगून टाक, म्हणाल्या. एवढंच सोपं काम राहिलं होतं.

नवरा म्हणजे एलिहिओ. सान पेद्रोहून राजधानीला बस न्यायचा. लग्नाला बरीच वर्षं झालेली. दर आठवड्याला बस नेमकी राजधानीतच बिघडायची आणि बिचाऱ्याला तिथे मुक्काम पडायचा. इतकी नाजूक प्रकृती साऱ्या देशात दुसऱ्या बसची नसेल.

रविवारी तो दुसऱ्यांदा भात वाढून घेत असताना तिने सांगून टाकलं.

एलिहिओने चमचा ठेवला. "कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"ज्याच्याकडून हे आणलंस तो."

"मला एकच पुरुष माहीत आहे. समोर बसून भात खातोय."

"माझ्यावर ढकलू नकोस. मी कष्टाचा माणूस." त्याने येरझाऱ्या घातल्या, मारिया मातेच्या तसबिरीपुढे डोळे पुसले आणि मोठ्या मनाने म्हणाला, "जा, माफ केलं तुला. पण माझ्या आईला कळता कामा नये."

नेरेइदाने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "उपकार झाले. आता उद्या तूही रक्त तपासून ये."

तो छाती काढून गेला. परत आला तो तिथलं यंत्र जुनाट आहे म्हणत. दुसऱ्या दवाखान्यातलं यंत्रही जुनाटच निघालं. नेरेइदाने विचारलं नाही. तिचं तिने सांगितलं होतं, त्याचं त्याने सांगावं.

शेवटी ती केळी सोलत असताना तो दाराशी येऊन उभा राहिला.

"नेरे, मलाही आहे."

"बरं."

"बरीच वर्षं असावं म्हणतात."

"बस बिघडायची तेव्हापासून?"

तो रडला. तिलाही रडू आलं, आणि रडू आल्याचाच तिला जास्त राग आला. त्याची उशी तिने बाहेरच्या खोलीत टाकली. उशी अजून तिथेच आहे.

गोळ्या आणायला मात्र दोघं बरोबर जातात. तो टोपी डोळ्यांवर ओढून बसतो. परवा समोरच्या बाकावर त्याचा डॉमिनोच्या डावातला जोडीदार तेओफिलो तसाच टोपी ओढून बसला होता. दोघं छताकडे बघत राहिले.

"तेओफिलो, इकडे ये रे," नेरेइदा सरकून म्हणाली, "इथे पंख्याचा वारा लागतो."