ताईची पेटी आणि दोन लेखिकांचं नाटक

“या दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, मग एकमेकींचं पुस्तक सगळ्यांच्या आधी का वाचतात?”

गुणवंतानं भर तालमीत हे विचारलं आणि सगळे हसले.  उत्तर मला विचारू नका. मी एक पेटी. मला सूर विचारा, सांगेन.

मी पुण्याहून दिल्लीला आले ती अलकनंदाच्या वडिलांच्या बदलीबरोबर. सरकारी क्वार्टरमध्ये माझ्यावर कधी इस्त्रीचे कपडे, कधी फोन. माणसांना सपाट जागा दिसली की राहवत नाही. अलकनंदानं मला त्यातून सोडवलं.

तिनं दिल्लीतल्या मराठी मंडळासाठी संगीत नाटक बसवलं. त्यात दोन लेखिका. एकीचं पुस्तक निघालं की दुसरीला ताप चढायचा आणि सगळं भांडण गाण्यातून. एक लेखिका व्हायची अलकनंदा, दुसरी तिची मैत्रीण वृंदा. वृंदा वरच्या पट्टीत टोमणा मारी, अलकनंदा त्याच्याही वर जाई, आणि माझ्यावर धावणारी राजाभाऊंची बोटं दमून जात. हसून हसून तालीम थांबायची.

गुणवंत अलकनंदाचा धाकटा भाऊ. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात लागला होता, तिथेच खोली घेऊन राही. सुट्टी असली की मला तालमीला उचलून आणायचं काम त्याचं.

प्रयोग तोंडावर आला आणि अलकनंदा तापानं गेली. तेराव्यालाच कुणीतरी म्हणालं, तिच्या जागी मंडळातल्याच नीलाला घेऊ. गुणवंत ताडकन उठला, मला काखोटीला मारलं आणि मानेसर गाठलं.

“ताईच्या पेटीला दुसरं कुणी हात लावणार नाही,” म्हणाला आणि मला पलंगाखाली ढकललं.

मिटून ठेवलेल्या पेटीला कुणी जपलं असं मला वाटत नाही. तुमच्याकडे अशी एखादी असेल तर गाणाऱ्याच्या हाती द्या.

एका रविवारी वृंदा आली.

“नाटक बंद पाडायचंय का तुला?”

“नीलाला ताईसारखं येणार आहे का?”

“बिल्कुल नाही. मला तरी कुठे येत होतं? ती रोज टिंगल करायची माझी. गुणवंत, मला भांडायला कुणीतरी हवंय रे.”

 गुणवंत वाकला आणि त्यानं मला बाहेर ओढलं.

पहाडगंजचा हॉल भरला होता. नीलाचं पहिलंच गाणं. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात तिची नजर गुणवंतावर पडली आणि शब्दच गेले. राजाभाऊ तीच ओळ माझ्यावर पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. वृंदा ओठांनी शब्द सांगत होती, पण नीलाला काही दिसत नव्हतं.

संगीत नाटकात गाणं रंगलं की लोक ते संपल्यावर ‘वन्स मोअर’ म्हणतात, आणि मग गाणं पहिल्यापासून होतं. इथे तर ते अर्ध्यात अडकलेलं. तरी गुणवंत खुर्चीवरून उठला आणि असेल नसेल तेवढा दम लावून ओरडला, “वन्स मोअर.”

हॉल हसला. डोळे पुसत नीलाही हसली. राजाभाऊंनी भाता भरला आणि मी तिला पहिल्या ओळीचा सूर दिला.