पहिलं बटण गिऱ्हाइकाचं

मी एक जुना टेस्टिंग बोर्ड आहे. दिसायला काही विशेष नाही, मित्रांनो. हातभर लांबीची लाकडी फळी, तिच्यावर दोन सॉकेट, एक काळं बटण आणि मधोमध साठ वॅटचा बल्ब. पहिल्या सॉकेटात वीज आधी माझ्या बल्बमधून जाते आणि मग तुमच्या वस्तूत शिरते. वस्तूत कुठे तार सुटलेली असली, तर माझा दिवा लागतच नाही. तारेला तार चिकटलेली असली, तर मी भक्कन पेटतो, डोळे दिपतील असा. त्यामुळे फार लखलखाट दिसला की आत बिघाड असणार, असं समजायची मला जन्माची सवय आहे. पहिल्या सॉकेटात पास झालेली वस्तू मग दुसऱ्यात, सरळ विजेवर, पूर्ण जोरात चालवून दाखवायची. एवढंच माझं काम.

माझा जन्म अंबरनाथच्या पूर्वेकडच्या बाजारातला. चिंतामणीशेठनी तिथे आपल्या आईच्या नावाने 'कुमुदिनी इलेक्ट्रॉनिक्स' काढलं. दुकानात आलेल्या पहिल्या टीव्हीच्या खोक्याची फळी सुदामने घासून गुळगुळीत केली आणि मला घडवलं. सुदाम अंबरनाथच्याच बुवापाड्याचा. दुकानाचा पहिला मेकॅनिक, आणि बरीच वर्षं एकटाच.

शेठांचा एक नेम होता. सकाळी शटर वर गेलं की देवाला उदबत्ती लावायची आणि लगेच मला जुनी इस्त्री जोडून माझा दिवा लागतो ना, ते बघायचं. ज्याने दुसऱ्याला तपासायचं त्याची तपासणी आधी, असं ते म्हणत. ताप असो, घरी लग्न असो, हा नेम चुकला नाही.

दुसरा नेम त्याहून मोठा, आणि तो शेठांच्या आईने घालून दिलेला. कुठलीही वस्तू दुकानातून बाहेर पडायच्या आधी माझ्यावर चालायची, आणि पहिलं बटण गिऱ्हाइकाने दाबायचं. शेठ हात मागे बांधून दोन पावलं बाजूला व्हायचे. नवी नवरानवरी एकमेकांवर ढकलायची, तू दाब, तू दाब. म्हाताऱ्या बाया शॉक लागेल म्हणून बोट पुढे करायच्या आणि मागे घ्यायच्या. मिक्सर घुर्रकन सुरू झाला की सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी वीस-बावीस वर्षं रोज बघितलं. मला दुसरा पगार लागला नाही.

फ्रीजचं तर कौतुकच वेगळं. गिऱ्हाइकाने पसंत केलेला फ्रीज आदल्या दुपारपासून दुकानातच चालू ठेवायचा. सकाळी माणसं न्यायला आली की सुदाम त्यांच्याच फ्रीजमधला बर्फाचा खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचा. बिल त्यानंतर. बदलापूरच्या बनूबाईंनी तो खडा नातवंडांना दाखवायला पदरात बांधला आणि घरी पोचेपर्यंत पदराचं नुसतं ओलं बोचकं झालं. दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणाल्या, "शेठ, तुमचा माल वाटेतच पळाला बघा." सगळं दुकान हसलं, त्याही हसल्या. शेठनी त्यांना चहा पाजला.

असे दिवस होते. मग २००७ साल आलं.

शेठांचे गुडघे गेले होते. कारभार मुलगा समीर बघू लागला. मुंबईच्या एका कंपनीशी त्याने करार केला आणि एका मंगळवारी चार माणसं शिडी घेऊन आली. कुमुदिनीचं नाव खाली उतरलं, भिंतीला टेकवून ठेवलं गेलं आणि वर 'केझोन' लागलं. नारिंगी अक्षरं, आतून दिवे, दिवसाढवळ्यासुद्धा चालू. आत छताला शंभर दिवे, गार हवा, इंग्रजी गाणी. सुदामला पन्नाशीत नारिंगी टी-शर्ट घालायला लावला आणि दारात येणाऱ्याला 'वेलकम टू केझोन' म्हणायला शिकवलं. त्याच्या तोंडून ते 'येल्कम' असं यायचं. शेठ दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचे, नुसते.

नाव बदललं म्हणून मी रागावलो, असं समजू नका. नावं बदलतात. सासरी गेल्यावर मुलींचंही कधी कधी बदलतं, पण त्या हातची चव माहेरीच ठेवून येत नाहीत. इथे नावाबरोबर नेमही खुंटीवरून उतरवला. यापुढे माल सीलबंदच जाणार, दुकानात खोका उघडायचा नाही, असा हुकूम निघाला. मला भिंतीवरून काढलं. समीर म्हणाला, "हे असलं लटकलेलं बघून कस्टमरला वाटेल रिपेअरिंगचं दुकान आहे." आणि मी जिन्याखाली गेलो, फाटक्या थर्माकोलच्या ढिगाऱ्यावर. तिथून मला दारातला तो लखलखाट दिसायचा. माझी जन्माची सवय तुम्हाला सांगितलीच आहे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात माया आली. तीही बुवापाड्याची, सुदामच्या गल्लीतली. बदलापूरच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिच्या सासूला, जनाबाईंना, शुगर होती आणि रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागायचं. ते औषध गार ठेवावं लागतं. दोन उन्हाळे मायाने बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या, पण पत्र्याच्या घरात मे महिन्यात माठही गरम होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की असं चालणार नाही, औषधातला जोर निघून जाईल. म्हणून हा फ्रीज. हौसेचा नव्हता तो, सासूच्या जिवाचा होता.

तिने लहानसा, एका दाराचा फ्रीज निवडला आणि सुदामला विचारलं, "सुदामभाऊ, बर्फ दाखवायला उद्या किती वाजता येऊ?"

सुदामने समीरकडे बघितलं. समीर गोड हसून म्हणाला की ताई, ती जुनी पद्धत झाली, आता फ्रीज बनवणाऱ्या कंपनीची गॅरंटी असते, सील फोडलेला माल कुणी घेतं का? सुदाम काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला जिन्याखाली टोचलं. पण सुदाम गप्प बसलाय म्हणजे सगळं ठीकच असणार, असं मायाला वाटलं. वर्षानुवर्षांच्या विश्वासाचं ते व्याज होतं, आणि केझोनने ते आयतं खाल्लं.

फ्रीज सीलबंदच घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी माया परत आली. आतला दिवा लागतोय, म्हणाली, पण ट्रेमधलं पाणी आहे तसंच आहे. समीरने तिच्या हातात एक नंबर दिला आणि तिथे तक्रार नोंदवायला सांगितलं. आमचं काम विकायचं, बघायचं काम फ्रीजच्या कंपनीचं, असं त्याचं म्हणणं. बदलून द्या म्हटलं, तर सील तुटलंय म्हणाला.

मायाचा आवाज मुळातच हळू. ती म्हणाली, "सील न फोडता फ्रीज कसा चालू करायचा, तेवढं सांगा. मी तसा करते."

शंभर दिव्यांखाली समीरने त्या नंबरावर पुन्हा बोट ठेवलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो, करत सहा दिवस गेले. बाटल्या पुन्हा ओल्या फडक्यात. सातव्या दिवशी जनाबाई भोवळ येऊन पडल्या. शुगर चारशेच्या वर. सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं, तेव्हा डॉक्टरांनी बाटली हातात धरून विचारलं की हे औषध ठेवलं कुठे होतं?

हे कळलं त्या दुपारी सुदाम जिन्याखाली आला. त्याने मला उचललं, टी-शर्टच्याच बाहीने माझ्यावरची धूळ पुसली आणि काखेत मारून सगळ्यांसमोरून बाहेर पडला. समीरने हटकलं. सुदाम थांबला नाही.

दोन दिवसांनी जनाबाई घरी आल्या, तेव्हा आम्ही त्यांच्याच घरात होतो. खाटेवरून त्या म्हणाल्या, "का रं सुदाम, दुकानाचं नाव बदललं की बर्फ व्हायचा बंद होतो व्हय?" सुदामने फ्रीज मला जोडला आणि बटणावरचं बोट काढून मायाला खूण केली. पहिलं बटण गिऱ्हाइकाचं. फ्रीजचं दार उघडं होतं तोवर आतला छोटा दिवा लागला, आणि मीही मंदसा पेटलो. दार लावलं, आणि माझा दिवा विझला. म्हणजे मोटारीपर्यंत वीज जातच नव्हती. सुदामने फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला. मागे मोटारीपाशी एक वायर आपल्या जागेवरून निसटून लोंबत होती. त्याने ती पुसून घट्ट बसवली. माझा दिवा लागला. मग त्याने फ्रीज दुसऱ्या सॉकेटात लावला आणि मोटार गुणगुणू लागली.

पाच मिनिटांचं काम, मित्रांनो. पाच मिनिटं. दुकानात मी भिंतीवर असतो तर एका म्हाताऱ्या बाईला सलाइन लागलं नसतं. आतला दिवा लागतोय ना, एवढं बघून सगळे समाधानी, आणि ज्याच्यासाठी वस्तू घेतली ते काम ठप्प. तो फ्रीज आणि ते दुकान, दोघांनाही एकच आजार होता.

दुसऱ्या सकाळी माया स्टीलचा डबा घेऊन केझोनमध्ये गेली. मी सुदामच्या काखेत होतो. ती समीरकडे गेलीच नाही. दाराजवळच्या खुर्चीपाशी जाऊन तिने डबा उघडला आणि बर्फाचा एक खडा शेठांच्या तळहातावर ठेवला.

"हा मला इथे मिळायला हवा होता, काका," ती म्हणाली.

शेठनी मूठ मिटली. पाणी ठिबकून त्यांच्या धोतरावर पडत होतं, तरी त्यांनी ती उघडली नाही. खडा पार विरघळल्यावर ओला हात तसाच माझ्याकडे दाखवून ते म्हणाले, "लाव भिंतीवर." मुंबईची कंपनी हे चालू देणार नाही, असं समीर म्हणाला. त्यावर शेठ एवढंच बोलले, "नाव दिलं मी त्यांना. आईचा शब्द दिल्याचं मला आठवत नाही."

भिंतीवर मी नऊ दिवस होतो. दहाव्या दिवशी मुंबईहून कंपनीचा साहेब आला, त्याने मला काढायला लावलं, आणि सुदामने नारिंगी टी-शर्टाची नीट घडी घालून टेबलावर ठेवली.

आता मी बुवापाड्यात सुदामच्या ओट्यावर असतो. सकाळी तो जुन्या इस्त्रीवर माझी तपासणी करतो. लोक केझोनमधून निघाले की सीलबंद खोका घेऊन वाकडी वाट करून आधी इथे येतात. मिक्सर येतात, पंखे येतात. फ्रीज आला तर एक दिवस मुक्कामाला राहतो, आणि जनाबाई काठी टेकत बर्फ बघायला येतात.

मित्रांनो, घरात नवी वस्तू आणाल तेव्हा दुकानातच म्हणा, चालू करून दाखवा. लाजू नका. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू द्या. नाव कितीही चकचकीत असो, पहिलं बटण तुमच्या बोटाने दाबा. आणि त्यांनी हात लावू दिला नाही, तर खोका तिथेच ठेवून पायऱ्या उतरा.